धुण्यात निघालेला बिल्ला

कपडे मशीनमध्ये टाकण्याआधी मी खिसे तपासते. अमेरिकेत शॉमबर्गला मुलाकडे आल्यापासून तेवढं काम माझ्याकडे आहे. त्या दिवशी त्याच्या पँटमध्ये पितळेचा बिल्ला निघाला, नंबर ठोकलेला. तो कशाचा हे मला विचारावं लागलं नाही. माझा नवरा चंद्रपूरकडे कोळशाच्या खाणीत होता. उतरताना खिळ्यावरचा बिल्ला काढून खिशात टाकायचा, वर आलं की परत टांगायचा. खिळा रिकामा म्हणजे माणूस आत.

मुलगा हिऱ्यांच्या खाणीत इंजिनिअर आहे, कॅनडाच्या पार उत्तरेला. तीन आठवडे तिकडे, तीन आठवडे घरी. वरचा खड्डा खणून संपला, म्हणून आता त्याच्याखाली बोगदे पाडताहेत. मला सांगायचा, "आई, मी ऑफिसात नकाशे काढतो. खाली जातच नाही."

मी बिल्ला जेवणाच्या टेबलावर आपटला.

"हा ऑफिसातल्या खुर्चीचा का?"

तो हसला. "कधीकधी जावं लागतं गं. फ्लाइटची घाई होती, टांगायचा विसरलो. कालच फोन आला, माझ्यामुळे ब्लास्ट दोन तास थांबवला म्हणे."

"शोधायला कोण गेलं?"

"उतरले दोघं. मग कोणीतरी विमानाची लिस्ट पाहिली."

"दोघं कोण?"

"ते मला काय माहीत?"

सून म्हणाली, "आई, चिल करा ना. काही झालं नाही."

माझं डोकं फिरलं. खोटं बोलल्याचा राग होताच, हा वेगळा. छत कोसळून बाप गेला, एवढंच मी त्याला लहानपणी सांगितलं होतं. पाळी संपल्यावर बाप पुन्हा आत का गेला, ते नाही. एक खिळा रिकामा होता म्हणून गेला. त्या खिळ्याचा माणूस बिल्ला खिशात ठेवून घरी भाकरी खात बसला होता. नंतर माझ्या दारात येऊन रडला. मी दार लावून घेतलं.

हे सगळं मी तिथंच सांगितलं. कोणी जेवेना.

"फोन लाव," मी म्हटलं. "नावं विचार. मग त्यांच्याशी बोल, आणि हसू नकोस."

एकाशी बोलणं झालं. दुसरा कामावर खाली उतरला होता. तो वर आल्याचा फोन येईपर्यंत मी टेबलावरून उठले नाही, मुलालाही उठू दिलं नाही.