मस्कतमधली लिंबाची धुरी

आज रस्त्याकडेला माळ्यानं कडुलिंबाचा पाला पेटवला होता. त्या कडू वासानं मला थेट मस्कतच्या माझ्या पहिल्या खोलीत नेलं.

आठवीतच शाळा सोडलेला मी, मुरुडहून नुकताच कामाला आलेलो. विंचू-साप ओळखीचे होते. पण तिथला तो वाळूच्या रंगाचा, तळहाताएवढा कोळी कधी बुटात सापडायचा, कधी पांघरुणात. पार वैतागलो होतो. शेवटी एका दुपारी, गोठ्यात करतात तशी खोलीत लिंबाच्या पाल्याची धुरी केली. कोळी हलला नाही. छताला लावलेला धुराचा भोंगा मात्र बोंबलला आणि सगळी बिल्डिंग उन्हात उतरली.

मुकादम गरजला, "कुणी पेटवलं? आजच त्याला गावी पाठवतो!"

तेवढ्यात शेजारच्या खाटेवरचे उदगीरचे सलीमभाई पुढं झाले. "मी ऊद जाळला साहेब. चुकी झाली."

इतका जुना माणूस बघून मुकादम पुटपुटत निघून गेला.

"येड्या, कोळ्याला हाकलायलास का आम्हाला?" सलीमभाई म्हणाले.

"पण भाई, तो अजून खोलीतच हाय!" मी रडकुंडीला आलो होतो.

त्यांनी वर येऊन कोळ्यावर चहाचा पेला पालथा घातला, खालून पुठ्ठा सरकवला आणि त्याला बाहेर सोडलं.

"त्याला कोण गावी पाठवणार बाबा? ती भीती आपल्याला."