सुभाषची किडनी

कोणत्या तोंडाने सांगू तुम्हाला, पण चहा घेतलाच आहे तर ऐका. मी माझ्या सासरच्या अख्ख्या घराला रडवलंय, आणि तेही निव्वळ लाजेपायी.

झालं असं, दाढेसाठी अँटिबायोटिक गोळ्या घेतल्या. दाढ थांबली, पण जुलाब लागले ते थांबेचनात. औषध घेतलं की चार दिवस बरं, पुन्हा तेच. पिंप्राळ्यातल्या घरात माझा सगळा प्रवास म्हणजे पलंग ते संडास. कपडे अंगावर लोंबायला लागले. शेजारी भेटायला यायचे आणि माझ्यादेखत बायकोशी, लताशी, हळू आवाजात बोलायचे. मरणाची भीती वाटत होती हो, खोटं कशाला बोलू?

शेवटी मोठ्या डॉक्टरांनी समजावलं. "गोळ्यांनी तुमच्या आतड्यातले चांगले जिवाणू मेलेत, एक वाईट जात माजलीय. जिवाणूंवर जगणारे विषाणूही आत असतात, त्यांचाही तोल गेलाय. निरोगी माणसाच्या विष्ठेतून ती सगळी वस्ती तुमच्या आतड्यात नव्याने बसवावी लागेल. दुर्बिणीतून करतात. नात्यातलं कोणी आहे?"

लता स्वतः औषधांवर, तिचं चालणार नव्हतं. राहिला तिचा धाकटा भाऊ सुभाष. शिरपूरकडे शेती करतो, दगड पचवेल असा गडी.

"तुझा भाऊ आहे, तूच सांग," मी लताला म्हणालो.

"माहेरी हे बोलू मी? तुम्हीच बोला."

मी फोन लावला. "सुभाष, तुझ्या पोटातलं थोडं मला मिळालं, तर मी वाचेन."

"काय देनं पडी, दाजी?"

आता मेव्हण्याला तो शब्द कसा म्हणायचा? तुम्ही म्हणाला असता? मी म्हणालो, "फोनवर नको. पण तुला काही कमी पडणार नाही."

"दिसू," तो म्हणाला. म्हणजे देईन.

दुसऱ्या दिवशी दारात जीप. सासूबाई डोळ्यांना पदर लावूनच उतरल्या. सुभाषची बायको सुनीता माझ्याकडे बघेना. सासरे, म्हणजे नाना, खुर्चीत बसत म्हणाले, "एका किडनीवर माणूस जगतो. मी चौकशी केली."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तिथेच बोलायला हवं होतं. पण सुभाष दाढी करून, नवा शर्ट घालून आईच्या पाया पडत होता. त्या प्रसंगात मी काय बोलणार?

दवाखान्यात डॉक्टरांनी त्याला सगळं नीट सांगितलं. सुभाष खुर्चीतून उठलाच.

"दाजी, किडनी लई ल्या. पन हाई नका मांगू. गावमा काय तोंड दखाडू मी?"

मी त्याच्यापुढे हात जोडले. खरंच रडलो. म्हणालो, "बाबा रे, गावात किडनीच सांग. मी जन्मात तोंड उघडणार नाही."

तेव्हा कुठे तो कबूल झाला. त्याच्या तपासण्या झाल्या, माझा उपचार झाला, आणि पोट शांत झालं. पहिल्यांदा रात्रभर झोपलो तेव्हा लता उशाशी बसून रडली.

हिवाळ्यात सासरी शेतात भरीत पार्टी होती. कापसाच्या वाळलेल्या पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजलेली, हिरवी मिरची, कांद्याची पात, गरम पुऱ्या. कितीतरी दिवसांनी मला खरी भूक लागली होती. मी पत्रावळ पुढे ओढली.

सुनीताने माझ्यापुढे वाटी ठेवली. उकडलेला दुधी, बिनमिठाचा.

"अगं, मला सगळं चालतं आता," मी म्हणालो.

"काही चालत नाही. किडनीवाल्याला मीठ-तिखट बंद. आमच्या माणसाने पोटातून काढून दिलीय, तुमच्या जिभेपायी वाया जाऊ देणार नाही मी."

मी आशेने सुभाषकडे पाहिलं. तो तिसऱ्यांदा भरीत वाढून घेत होता.

"खरं शे, दाजी," तो म्हणाला. "जपा तिले."