पिंजऱ्यातला हात

हातवालीचं हातावर पोट होतं, फक्त त्या हातावर आधी डास जेवायचे. वनस्पतींच्या अर्कांनी रोगाचे डास पळतात का, हे बघणाऱ्या प्रयोगशाळेत ती कामाला होती. एका हाताला अर्क चोपडायचा, दुसरा कोरडा ठेवायचा आणि दोन्ही हात पाळलेल्या डासांच्या जाळीच्या पिंजऱ्यात घालून स्टुलावर बसायचं. कोरड्या हाताला डास कडकडून चावले, तरच परीक्षा खरी. त्या स्टुलाचा तिला भारी तोरा. सुनेला म्हणायची, “माझ्या रक्ताला मागणी आहे. तुला कुत्रं तरी हुंगेल का?”

अर्कासाठी पाला वाटणारी बाई काम सोडून गेली, तेव्हा दुसरी कोणी आत शिरायला नको म्हणून हातवालीने तेही काम ओढून घेतलं. सकाळी कडू पाला वाटायचा, दुपारी स्टूल. होता होता कडवटपणा कातडीत मुरला. डास कोरड्या हाताकडे ढुंकूनही बघेनात.

“हा हात गेला कामातून,” प्रयोगशाळेच्या मॅडम म्हणाल्या. “दुसरं कोणीतरी बघावं लागेल.”

घरी येऊन तिने खरखरीत दगडाने हात घासला. कातडं सोललं, रक्त आलं. दुसऱ्या दिवशीही डास लांबच. परकी बाई बसली की स्टूल कायमचं गेलं. घरची बसली तर धाकात तरी राहील, असा हिशेब करून तिने सुनेला ओढत आणलं.

“चारच दिवस. माझा हात बरा झाला की तू आपली चुलीपुढे.”

सुनेचा हात आत जाताच डास तुटून पडले. ती कळवळली.

“हललीस तर बघ, मेले!” हातवाली तिच्या कानाशी फुसफुसली.

सून हलली नाही. मॅडम खूश झाल्या. “असा हात हवा होता! आता हीच बसेल.”

“आणि मी?”

“तुम्ही पाला वाटा की. तुम्हाला कुठे आता डास चावतात?”

संध्याकाळी सून सुजलेला हात मांडीवर घेऊन दारात बसली. “आत्याबाई, भांडी पडलीत.”

“तुला काय धाड भरली?”

“हाताला साबण लावायचा नाही म्हणून सांगितलंय मॅडमनी. विचारा हवं तर.”

हातवाली भांडी घेऊन मोरीत बसली. सोललेल्या कातडीला साबण लागला तशी तिने किंकाळी फोडली.

“बोंबलू नका,” सून म्हणाली. “ते मोठं पातेलं राहिलंय.”