ओ

सात रस्त्याजवळच्या भाड्याच्या ऑफिसात तो माझ्या शेजारी बसायचा. इतका अबोल, की मला आधी त्याचा रागच यायचा. नाव मी कधी विचारलंच नाही. माऊसला हात न लावता काळ्या पडद्यावर नुसत्या कमांड टाइप करायचा. एकदा माझा सर्व्हर बंद पडला, तेव्हा म्हणाला, "घाबरू नका. आधी पिंग करा. पिंग म्हंजे हाक. ओ आली, तर मशीन जित्तं हाय."

त्याच्या पडद्याच्या कोपऱ्यात पिंगला येणाऱ्या उत्तरांच्या ओळी दिवसभर सरकत असायच्या. मी विचारलं, "हा कुठला सर्व्हर?"

"सर्व्हर न्हाय. गावाकडचं, मंद्रूपचं घर हाय. आई गेल्यापासनं कुलूपच हाय. आत जुना कॉम्प्युटर चालू ठेवलाय."

"कशाला?"

"हाक मारल्यावर घरातनं कुणीतरी ओ द्यायला पायजे की."

एका दुपारी त्या ओळी थांबल्या. "लाईट गेली असेल," मी म्हणालो. "व्हय," तो म्हणाला, पण चहाला उठला नाही.

बऱ्याच वेळानं ओळी पुन्हा सरकू लागल्या. तेव्हा तो पडद्याकडं वाकून हळूच म्हणाला, "काय न्हाय गं आई. उगंच हाक मारली."