रूफस गेदर्सनं कबूल केलेली भिंत

रूफस गेदर्स हा माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. बावन्न वर्षं मी त्याला ओळखते आणि त्यातली पन्नास तरी त्याच्याशी भांडण्यात गेली. माणूस महाहट्टी. रविवारी चर्चला जाताना वाटेत एखादी भिंत दिसली की थांबणार, तिच्यावरून हात फिरवणार, 'कुठल्या गाढवानं बांधलीय ही' म्हणणार, आणि मगच पुढे सरकणार. आमच्या सेंट लुईसच्या उत्तर भागात, म्हणजे काळ्यांच्या वस्तीत, घरं विटांची, चर्चं विटांची, शाळाही विटांच्याच, आणि हा जन्मभर गवंडी. त्यामुळे थांबायला त्याला दर दहा पावलांवर निमित्त मिळायचं. माझी बहीण ओडेसा उंच टाचांच्या बुटांत पुढे जाऊन उभी राहायची आणि ओरडायची, "मिस्टर गेदर्स, देव ताटकळलाय तिकडे! येताय का?" ती रागावली की नवऱ्याला आडनावानं आणि अहो-जाहोनं बोलते. बावन्न वर्षांत बहुतेक अहो-जाहोच चाललंय.

एकाच भिंतीपाशी मात्र तो कधी कुणाला गाढव म्हणाला नाही. आमच्या रस्त्याच्या टोकाला जुनं सार्वजनिक स्नानगृह आहे, त्याची भिंत. आमच्या लहानपणी भाड्याच्या खोल्यांत न्हाणीघर कुठलं असायला! शनिवारी आई मला आणि ओडेसाला एक टॉवेल आणि साबणाची अर्धी वडी देऊन तिथं न्यायची. गरम पाणी धो धो यायचं. बाहेर पडताना आम्ही दोघी स्वतःला राजकन्या समजायचो. पुढे घराघरात नळ आले, स्नानगृह बंद पडलं, पण इमारत उभी राहिली. १९८४ साली तिची डागडुजी निघाली आणि ते काम रूफसला मिळालं. त्याच्या स्वतःच्या नावावरचं पहिलं सरकारी काम. तोवर काम त्यानं करायचं आणि कागदावर नाव कुणा गोऱ्या कंत्राटदाराचं, हीच रीत होती. समोरच्या कोपऱ्यात एक पांढरा दगड बसवलाय: 'दुरुस्ती, आर. गेदर्स, १९८४'. घरात मूल जन्मलं, नातू येवो की नात, बाप्तिस्मा झाला की रूफस त्याला उचलून तिथं घेऊन जाणार आणि त्याचा इवलासा हात त्या नावावर टेकवणार. सात नातवंडांचे सात फोटो आहेत तसे. सातही फोटोंत मूल रडतंय आणि आजोबा हसतोय.

आता माझं सांगते. मी शाळेची बस चालवायचे, निवृत्त झाले, आणि रिकामा वेळ मला मानवत नाही. आमच्या शहरात मे महिन्यात उघड्या दारांचा रविवार असतो. त्या दिवशी जुन्या इमारतींची दारं सगळ्यांसाठी उघडतात. लोक घोळक्याघोळक्यानं हिंडतात, माना वर करून कोरीव काम बघतात, फोटो काढतात. दक्षिणेकडच्या हवेल्या, नाटकगृहं, बँका दरवर्षी यादीत. आमच्या भागातलं एकही दार नाही. का? आमच्या विटा काय चिखलाच्या आहेत? तीन वर्षं मी पत्रं पाठवली, सभांना जाऊन पहिल्या रांगेत बसले, लोकांना माझं तोंड बघून डोकेदुखी व्हायची. शेवटी २०१७ साली स्नानगृह यादीत आलं. मी आनंदानं पत्र फोडलं. आत लिहिलं होतं, 'निरोपाची फेरी'.

निरोपाची! इमारत धोकादायक ठरली होती. समोरच्या भिंतीच्या विटांचे पापुद्रे रस्त्यावर पडत होते हे खरं, पण म्हणून थेट पाडायची? रविवारी लोकांनी येऊन हळहळायचं आणि मंगळवारी यंत्र येणार. दक्षिणेकडच्या इमारतींना पाहुणे आणि आमच्या इमारतीच्या मयतीला माणसं! मी आमच्या नगरसेविकेला, शॉन्ड्रा पीलला, फोन लावला. ही पोरगी माझ्या बसमध्ये तिसऱ्या बाकावर बसून शाळेला जायची आणि आठवड्यातून एकदा उलटी करायची, तेव्हा मी तिला घाबरत नाही.

"मिस वर्लीन, माझ्या हातात काय आहे?" ती म्हणाली. "इंजिनिअरनं लिहून दिलंय. वीटच कुजलीय म्हणतो. पण आपण मिस्टर गेदर्सना पितळी पाटी देणार आहोत. सगळ्यांसमोर."

"पाटी घेऊन काय करू आम्ही, पाव भाजू तिच्यावर?" असं म्हणून मी फोन आपटला.

पण कार्यक्रम माझ्याच गळ्यात होता. टेबलावर मांडायला म्हणून मी भिंतीखाली पडलेले विटांचे चार-सहा तुकडे पिशवीत भरले आणि ओडेसाच्या स्वयंपाकघरात नेऊन ओतले. ओडेसा किंचाळली, कारण टेबलावर पिठाची परात होती. रूफस कॉफी पीत बसला होता. त्यानं एक तुकडा उचलला. मग दुसरा. कॉफी गार होईस्तोवर तो ते तुकडे उलटसुलट करत राहिला. शेवटी म्हणाला, "वर्लीन, गाडी काढ."

स्नानगृहाच्या मागच्या बाजूला कोळसा साठवायची एक जुनी टपरी होती, भिंतीला घट्ट चिकटून. तिचं छप्पर त्याच हिवाळ्यात कोसळलं होतं. शहात्तर वर्षांचा हा बाबा काट्याकुट्यांतून, पत्रे बाजूला सारत आत शिरला आणि मी मागून ओरडत होते, "पडलास तर मी उचलणार नाही हं!" टपरीमागची भिंत मी जन्मात पाहिली नव्हती. लाल, सपाट, एका विटेला ओरखडा नाही. त्यानं माझ्याकडून गाडीची किल्ली मागितली आणि दोन विटांमधल्या सांध्यात खुपसली. पांढरी भुकटी भुरभुर खाली पडली. मग तसाच चालत समोर आला आणि तिथल्या सांध्यात किल्ली खुपसली. सांधा हलला नाही. माझी किल्ली वाकली.

"माझी किल्ली!" मी म्हणाले.

तो तिथंच एका पालथ्या बादलीवर बसला. "वीट कुजलेली नाही," तो म्हणाला. "मी मारलीय तिला."

मग त्यानं सांगितलं ते असं. जुन्या विटा मऊ असतात, म्हणून जुने लोक सांधे चुन्यानं भरत. भिंतीत शिरलेलं पाणी त्या चुन्यातून बाहेर निघून जातं. चौऱ्याऐंशी साली रूफसनं तो चुना खरवडून काढला आणि सगळ्या भिंतीचे सांधे नव्यानं भरले, सिमेंटनं. घट्ट, सुबक, ओळंब्यात. तेव्हा सगळेच तसं करायचे, कागदावरही तसंच लिहून आलं होतं. पण सिमेंट पाण्याला वाट देत नाही. पाणी विटेतच अडकतं, थंडीत गोठतं, फुगतं आणि विटेचं तोंड उडवून देतं. टपरी आड येत होती म्हणून तेवढा मागचा तुकडा त्यानं सोडला होता. तेवढाच वाचला.

"आणि पप्पानं सांगितलं होतं मला," तो म्हणाला. त्याचा बापही गवंडी. "इथंच उभा राहून म्हणाला होता, रूफस, या भिंतीला हे फार कडक होतंय. मी हसलो. म्हटलं, पप्पा, तुमचा जमाना गेला." मग तो लहान पोरासारखा रडला. मी किल्लीबद्दल पुन्हा काही बोलले नाही.

घरी आल्यावर खरं भांडण झालं. रूफस म्हणाला, रविवारी सगळ्यांसमोर सांगणार. वीट धडधाकट आहे हे कळलं तर इमारत वाचेल. ओडेसानं हातातलं लाटणं ओट्यावर आपटलं.

"मिस्टर गेदर्स, डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? आयुष्यात एक काम तुमच्या नावावर झालं. एक! ते तुम्ही स्वतःच्या तोंडानं वाईट म्हणणार? नातवंडांना काय सांगू मी? ज्या नावावर हात टेकवला ते भिंत मारणाऱ्याचं होतं म्हणून? इमारत म्हातारी होती, गेली. पाटी घ्या आणि गुमान घरी या."

खोटं कशाला बोलू, मलाही क्षणभर वाटलं की तिचं बरोबर आहे. बाहेरच्या लोकांना तर हेच हवं असतं, बघा, यांना काम दिलं तर काय झालं. रूफसनं टेबलावरचा विटेचा तुकडा उचलला. "ओडेसा," तो म्हणाला, "ती मंगळवारी पाडतील आणि दोष विटेवर जाईल. मग उद्या पलीकडची शाळाही पाडतील, तिच्या विटा त्याच भट्टीतल्या आहेत. मी जिवंत असताना?" ओडेसा वर निघून गेली आणि तिनं दार लावून घेतलं.

रविवारी चर्च सुटल्यावर सगळा मोहल्ला टोप्याबिप्या घालून तिथं लोटला. मासे तळत होते, लिंबाचं सरबत होतं, माझा बटर केक होता. दक्षिणेकडूनही शंभरेक माणसं आली होती, हळू आवाजात बोलणारी, जशी मयतीला येतात तशी. ओडेसा आली, पण लांब झाडाखाली उभी राहिली. शॉन्ड्रानं चांगलं भाषण केलं आणि पाटी उचलली.

"ती खाली ठेव, पोरी," रूफस म्हणाला. "आधी माझ्या मागून या सगळ्यांनी."

इंजिनिअर, केलर नावाचा एक चष्मेवाला, आडवा आला. "साहेब, मागे जाता येणार नाही. धोका आहे."

"धोका काय आहे ते मला विचार," रूफस म्हणाला. "तेहेतीस वर्षांपूर्वी मीच तो भिंतीत भरलाय."

आणि निघाला. मी बस चालवणारी बाई, माणसं रांगेनं कशी न्यायची ते मला कळतं. मी वाटेत आडवी बांधलेली दोरी उचलली आणि सगळ्यांना मागे नेलं, टोप्या, कॅमेरे, सरबताचे पेले, सगळं. रूफसनं ती धडधाकट भिंत दाखवली, किल्लीनं चुना पाडून दाखवला, मग पुढे आणून फुटक्या विटा दाखवल्या. आवाज जराही चढवला नाही. "याच विटा आहेत. हिला चुना होता, ती जगली. हिला मी सिमेंट भरलं, ती मेली. वीट कुजलीय असं लिहिलंय ते खोटं आहे. वीट कुजली नाही. रूफस गेदर्स चुकला. तसं लिहा."

गर्दीत पर्व्हिस होता, आमच्या चर्चमधला, रूफसचा जुना दुस्मान. "अरे, तेहेतीस वर्षं फुशारकी मारलीस की या भिंतीची!"

"मारली," रूफस म्हणाला. "म्हणून आज तितक्याच लोकांसमोर सांगतोय."

शॉन्ड्रा त्याच्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "मिस्टर गेदर्स, हे पेपरात येईल. तुमच्या नावासकट."

"येऊ दे की. दगडावर आहेच ते."

केलर पुढे झाला. मला वाटलं आता हा वाद घालणार. त्यानं खिशातून स्वतःची किल्ली काढली, मागे गेला, सांधा खरवडला, पुढे आला, पुन्हा खरवडला. किल्ली खिशात टाकली. "मी मागे गेलोच नव्हतो," तो म्हणाला. "टपरी होती." त्या कबुलीबद्दल त्याला मी केकचा मोठा तुकडा दिला.

पण रूफसचं संपलं नव्हतं. त्यानं कोटाच्या खिशातून हातोडी आणि छिन्नी काढली. चर्चला घेऊन गेला होता तो त्या! समोरच्या भिंतीपाशी गुडघे टेकून बसला आणि स्वतः भरलेला सांधा फोडायला लागला. एक पोलीस दोन पावलं पुढे आला. कुणीतरी म्हणालं, अहो, थांबवा त्यांना, परवानगी नाही. रूफसनं वर पाहिलंही नाही.

तेवढ्यात झाडाखालून ओडेसा निघाली. उंच टाचा, जांभळी टोपी, गर्दी फाडत आली आणि नवऱ्याच्या डोक्यावर येऊन उभी राहिली. आता हिनं हातोडी हिसकावली तर काय, म्हणून माझा जीव वरखाली. ती म्हणाली, "मिस्टर गेदर्स, कोट काढा. रविवारचा आहे."

त्यानं कोट काढला. तिनं तो घडी करून हातावर घेतला आणि पोलिसाकडे अशी बघत उभी राहिली की तो सरबताच्या टेबलाकडे निघून गेला.

मंगळवारी यंत्र आलं नाही. केलरनं अहवाल फिरवला, पुन्हा तपासणी झाली, भिंत दुरुस्त करायची ठरलं. रूफस आता शिडी चढत नाही. खाली खुर्ची टाकून बसतो आणि शनिवारी येणाऱ्या माणसांकडून सिमेंट काढून घेतो, चुना कालवून घेतो, आणि सगळ्यांना गाढव म्हणतो. पर्व्हिसलासुद्धा. तो तर दर शनिवारी येतो, शिव्या खायला.

समोरची भिंत पुरी झाली, फक्त कोपऱ्यातल्या त्या पांढऱ्या दगडाभोवतीचे सांधे रूफसनं कुणाला हात लावू दिले नाहीत. तिथं सिमेंट तसंच आहे आणि शेजारच्या चार विटांची तोंडं फुटलेली आहेत. शॉन्ड्रा म्हणाली, निदान दगड काढून नवा बसवू या, चांगली अक्षरं घालू. रूफस म्हणाला, हात लावून बघ.

यंदा आठवं नातवंड आलं, नात. बाप्तिस्मा झाला तसा तो तिला उचलून तिथं घेऊन गेला, मागे आम्ही सगळे. तिचा हात धरून त्यानं आधी फुटक्या विटेवर टेकवला आणि मग नावावर. पोरगी रडली नाही. रडत होता तो आजोबा, आणि ओडेसानं तसाच फोटो काढला.