सोमवारचं रिकामं पान

"दोन्ही मूत्रपिंडं निम्म्याहून कमी काम करताहेत," डॉक्टर म्हणाले. त्यावर आमच्या ह्यांचा पहिला प्रश्न होता, वांगं चालेल ना?

मला तिथेच डोक्याला हात लावावासा वाटला. बँकेच्या बदलीनं आम्ही कोलकात्यात आलो, बालीगंजमध्ये राहिलो, निवृत्तीनंतरही इथेच रमलो. एवढ्या वर्षांत या माणसाला साधा ताप आला नव्हता. पाय सुजायला लागले तेव्हाही हे चपलांनाच दोष देत होते.

डॉक्टरांनी दोन शब्द शिकवले. क्रिएटिनिन म्हणजे मूत्रपिंडांनी बाहेर टाकायचा कचरा. पोटॅशियम म्हणजे एक क्षार. तो रक्तात साचला तर हृदयाचे ठोके बिघडतात, बंदही पडू शकतात. "पोटॅशियम आटोक्यात राहिलं तर डायलिसिस लांबवता येईल. औषधं मी देतो, बाकीचं आहारतज्ज्ञ सांगतील," असं म्हणून त्यांनी आम्हाला खालच्या मजल्यावर पाठवलं.

आहारतज्ज्ञ म्हणजे मधुरिमा, माझ्या धाकट्या मुलीच्या वयाची. तिनं छापील तक्ता दिला: भात, डाळ, भाजी, मासे, फळं. आम्ही मासे खात नाही म्हटल्यावर तिला आमची खरोखर कीव आली. मासे खोडून तिनं अंड्याचा पांढरा भाग लिहिला. आम्ही अंडंही खात नाही. मग तिनं पेन खाली ठेवलं आणि पाणी प्यायली.

त्यानंतर माझं आयुष्य भाज्या उकडण्यात गेलं. भाजी बारीक चिरायची, भरपूर पाण्यात उकळायची, पाणी ओतून द्यायचं, म्हणजे पोटॅशियम निघून जातं. चवही जाते. हे रोज पहिल्या घासाला माझ्याकडे असं बघायचे, जणू आजार मीच आणलाय. पुण्याहून नणंद फोनवर शहाळ्याचं पाणी द्यायला सांगायची. शहाळ्यात पोटॅशियम असतं हे मी तिला चार वेळा सांगितलं, पाचव्यांदा फोन ह्यांच्याकडे दिला.

इतकं करून दर पंधरा दिवसांनी मंगळवारी सकाळी रक्त तपासायचं आणि पोटॅशियम वाढलेलंच. तिसऱ्या खेपेला डॉक्टर म्हणाले, "असंच राहिलं तर डायलिसिसची तयारी करावी लागेल." मी बाहेरच्या बाकावर बसून रडले आणि मग तडक खाली जाऊन मधुरिमावर भडकले. तुझा तक्ता चुकीचा आहे, मी रेसभर इकडचं तिकडे केलेलं नाही, असं तिला हिंदीत जमेल तितकं सुनावलं.

ती रागावली नाही. तिनं मला लिहायला दिलेली जेवणाची वही मागून घेतली आणि पानं चाळत राहिली.

"आंटी, सोमवार का पन्ना खाली क्यों है?"

"उपवास रहता है."

"पूरा दिन कुछ नहीं खाते?"

"खाते हैं ना. उपवास का खाते हैं."

तिनं वही मिटली. "आंटी, वो सब बताइए."

मी सांगत गेले. दाण्याचं कूट आणि बटाटा घातलेली साबुदाण्याची खिचडी, दुपारी रताळ्याचा कीस, संध्याकाळी चार खजूर. ती लिहीत गेली. तिसऱ्या ओळीला मलाच ऐकू यायला लागलं मी काय बोलतेय ते. साबुदाणा बिचारा निरुपद्रवी. बाकी सगळं पोटॅशियमनं भरलेलं. तक्त्यात बटाटा बंद होता, पण तो भाजीच्या रकान्यात. फराळाला रकानाच नव्हता, आणि फराळ म्हणजे जेवण हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. उलट पोटाला आराम मिळतोय म्हणून मी समाधानात होते. वर दुसऱ्याच दिवशी सकाळी रक्त द्यायला नेत होते.

खरी गोष्ट मी तिला सर्वांत शेवटी सांगितली. हे सोमवार ह्यांचे नव्हते. आजार कळल्यावर ह्यांना बरं वाटावं म्हणून शंकराला मी बोलले होते आणि ह्यांच्या मागे लागून ते धरायला लावले होते.

मधुरिमानं माझ्या हातावर हात ठेवला. तिनं तक्त्याखाली पेनानं एक नवा रकाना आखला आणि मला विचारून विचारून 'फराळ' असं बंगाली अक्षरांत लिहिलं.

तुमच्या घरी असा आजार आलाच, तर तोंडात जाणारं सगळं लिहा. प्रसाद, फराळ, येताजाता चाखलेलं, सगळं. आणि आहारतज्ज्ञावर ओरडायच्या आधी स्वतःची वही वाचा. मी उलट केलं.

पुढच्या दोन तपासण्यांत पोटॅशियम खाली आलं. डायलिसिस तूर्त टळलं आहे. सोमवार आता मी धरते, तोही नुसत्या पाण्यावर, आणि ह्यांना समोर बसवून उकडलेला दुधी आणि भात खायला लावते. नवस असा बदलता येतो का, असं हे विचारतात. मी म्हणते, शंकराचं मी बघून घेईन, तुम्ही जेवा.