जीप दारात नको

बाळापूर तालुक्यातली ती बैलजोडीची चोरी अजून माझ्या डोक्यातून जात नाही. चोर सापडला म्हणून नव्हे. सारं गाव गप्प का बसलंय, याचं मला कोडं पडलं होतं म्हणून.

पेरणी तोंडावर आली होती. फिर्यादी शेतकऱ्याची सारी भिस्त त्या जोडीवर. बैल एकदा दूरच्या बाजारात विकले गेले की संपलं! पंचनामा केला, घरोघर विचारलं. एकच उत्तर, "मले काई मालूम नाई." अहो, भरवस्तीतल्या गोठ्यातून दोन बैल जातात आणि कोणाला चाहूलही नाही?

मग ठाण्यात निनावी फोन आला. गावातल्या एका भाजीवाल्या बाईनं पहाटे बाजाराला निघताना बैल नेणाऱ्यांना पाहिलंय म्हणे. महिलेचा जबाब तिच्या घरी घ्यायचा, हा नियम. महिला शिपायाला सोबत घेतलं आणि जीप थेट तिच्या दारात नेली. बाईनं आम्हाला पाहिलं आणि धाडकन दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी गाडी लांब सडकेवर सोडून आम्ही साध्या कपड्यांत तिच्या वांग्याच्या वावरात गेलो. तिनं आधी आम्हाला झापलंच.

"पोरीले पाहाले पाहुने येऊन राहिले, अन् तुमी जीप दारात आनता? कावून आले ते तुमी सांगत नाई, मंग लोक आपल्या मनानं सांगतेत!"

का आलो ते आम्ही कुणाला सांगितलंच नव्हतं; बाईचं म्हणणं मला पटलं. "मग इथं बोलाल?" मी विचारलं.

"इचारा. पन माहा हात चालू राहू द्या."

ती वांगी तोडत राहिली, शिपायानं बांधावर बसून जबाब लिहिला. बैल नेणारी पिकअप तिनं ओळखली होती. गावातलीच, मागचा फाळका हिरव्या लुगड्यानं बांधलेली.

चौकशीत ड्रायव्हर म्हणाला, "गाडी गॅरेजले होती, सायब." मी बैलांचं नावच काढलं नाही. विचारलं, "फाळक्याचं हिरवं लुगडं कुठाय?" गडी चपापला. "फेकून देल्लं." "का रे?" एवढ्यावर तो भडाभडा बोलला. जोडी तिवस्याकडच्या एका गोठ्यात मिळाली. फिर्यादी बैलांच्या गळ्यात पडून रडला, आणि खरं सांगतो, माझेही डोळे भरून आले.

लोक पोलिसांना घाबरतात, असं आम्ही धरून चालायचो. त्याहून जास्त ते शेजारी काय समजतील याला घाबरतात. पुढे कुठल्याही गल्लीत गेलो की मी आधी चारचौघांत सांगायचो, या घराचा काही गुन्हा नाही.

पोरीचं लग्न ठरलं तेव्हा बाई स्वतः ठाण्यात आमंत्रण द्यायला आली. मी म्हटलं, "येतो, साध्या कपड्यांत."

"नाई सायब, वर्दीत येजा. अन् जीप दारातच लावा. कावून आले ते मी सांगीन लोकायले."